समोरच्या मेडिकलातल्या कुंदाताई

कुंदाताई गोळ्यांचं पाकीट कधीच लगेच द्यायच्या नाहीत. कात्रीनं स्ट्रिप कापायच्या, गोळ्या पाकिटात टाकायच्या, पाकिटावर ठळक अक्षरात सकाळ-संध्याकाळचं लिहायच्या, आणि मग ते पाकीट तसंच हातात धरून समोरच्या म्हाताऱ्याला म्हणायच्या, "बसा. तीन शब्द सांगतीया. ध्यान दिऊन ऐका, मागनं परत इचारनार हाय. लिंबू, कुदळ, घोंगडी. म्हना." म्हातारा म्हणायचा. "आता आयतवारापासनं उलटं वार सांगा." म्हातारा हसायचा, डोकं खाजवायचा, शनिवार, शुक्रवार करत कसाबसा सोमवारपर्यंत पोचायचा. मग कुंदाताई अगदी सहज विचारल्यासारखं विचारायच्या, "आता सांगा, मगाचं तीन शब्द कोनचं हुतं?"

तिन्ही आले की पाकीट हातात. नाही आले तरी पाकीट हातात, पण मग कुंदाताई काउंटरच्या मागून बाहेर यायच्या, दुसरी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसायच्या आणि म्हणायच्या, "घरात कोन कोन असतंय?" सगळा मिळून पाच मिनिटांचा मामला. पण ती पाच मिनिटं मी रोज माझ्या काउंटरवरून बघत असे, कारण माझं मेडिकल त्यांच्या बरोबर समोर आहे. मध्ये फक्त पौडकडून मुळशीला जाणारा रस्ता.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला फार भला माणूस समजू नये. मी या बाईवर जळत होतो. थोडाथोडका नाही, चांगली सात-आठ वर्षं जळलो. आणि आज त्यांच्याबद्दल लिहायला बसलोय तर अजूनही पूर्ण विझलोय असं नाही.

आमच्या माले गावात पहिलं मेडिकल माझं. आमचं घराणं इथलं जुनं, रस्त्याला लागून जमीन, त्यामुळे दुकानाला जागा शोधावी लागली नाही. फार्मसीला दुसऱ्या वर्षाला मी दोनदा बसलो, पण ते गावाला माहीत नव्हतं. गावाच्या लेखी मी अर्धा डॉक्टर. "दत्ता, पोरगं खोकतंय, बग की." असं कुणी म्हणालं की छाती फुगायची. मग एके दिवशी समोरच्या बंद गाळ्याचं शटर वर गेलं आणि आत एक साठीला टेकलेली, ठेंगणी, कपाळावर गोंदण असलेली बाई फडक्यानं कपाटं पुसताना दिसली. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं औषधं देऊन निवृत्त झालेली. वरच्या डोंगरातल्या मेंढपाळाची लेक. मेंढरांमागं चालता चालता शाळा शिकली, पौडला राहून पुढं शिकली, एका फटक्यात पास झाली. हे शेवटचं मला तिनं नाही, माझ्या बायकोनं मुद्दाम सांगितलं.

मला वाटलं होतं, सहा महिन्यांत गाशा गुंडाळेल. ताम्हिणी घाटाकडे निघालेले पुणेकर उलटीच्या गोळ्या घ्यायला माझ्याकडेच थांबायचे, कारण माझ्याकडे गाडी लावायला जागा आणि थंड पाण्याच्या बाटल्या. पण गावातली म्हातारी माणसं मात्र एकेक करून रस्ता ओलांडायला लागली. मी ते मोजत नव्हतो असं म्हणायला आवडलं असतं.

आणि एक दिवस रस्ता ओलांडला तो माझ्या आईनं.

घरात मेडिकल, मुलगा फार्मासिस्ट, आणि आई बीपीच्या गोळ्या समोरून आणते! मी घरी येऊन आवाज चढवला. आई पोळीचा घास मोडत म्हणाली, "तुज्याकडं बसाया जागा हाय का? आन् तू बोलतुयास का माज्याशी? काउंटरवर पाकीट आपटतुयास आन् म्हनतुयास, जा आता. कुंदी इचारती तरी, काल काय खाल्लं, कुटं दुखतंय." मी म्हटलं, "अगं, ती धंद्यासाठी विचारते." आई म्हणाली, "मग तूबी धंद्यासाटी इचार."

ती तीन शब्दांची चाचणी कुंदाताई पुण्याच्या शिबिरात शिकल्या. औषध दुकानदारांसाठी ते शिबिर होतं. म्हातारी माणसं डॉक्टरकडे वर्षातून एकदा जातात, पण गोळ्यांसाठी महिन्याला मेडिकलात येतात, तेव्हा विसराळूपणाचा आजार लवकर हेरायचा असेल तर तो दुकानदारानं हेरावा, असं शिबिर घेणाऱ्या डॉक्टरांचं म्हणणं. हे मला ठाऊक आहे, कारण त्या शिबिराला मीही गेलो होतो. जेवणात श्रीखंड होतं. ते आटोपून मी निघालो, लक्ष्मी रोडला थोडी खरेदी केली आणि परतलो. कुंदाताई शेवटपर्यंत थांबल्या. चाचणीत कागदावर घड्याळ काढायला सांगतात, काटे दाखवायला लावतात. यांनी उभं राहून विचारलं म्हणे, "सायेब, आमच्याकडच्या निम्म्या बायांनी पेन हातात धरला न्हाई. त्या घड्याळ काढायला बसल्या तर समद्याच येड्या ठरतील. त्यांचं काय करायचं?" डॉक्टरांनी त्यांना शिबिर संपल्यावर बसवून घेतलं आणि न शिकलेल्यांसाठी तोंडी काय विचारायचं ते शिकवलं. उलटे वार त्यातूनच आले.

गावाला हा प्रकार सुरुवातीला खेळ वाटला. एसटीच्या शेडमध्ये बसणारी म्हातारी मंडळी आठवड्याभरात तिन्ही शब्द पाठ करून मोकळी झाली. किसनबापू तर दुकानाच्या पायरीवरूनच ओरडले, "लिंबू, कुदळ, घोंगडी! दे गोळ्या!" मी समोरून हे ऐकलं आणि मला मनापासून आनंद झाला. रस्ता ओलांडून गेलो आणि म्हटलं, "कुंदाताई, पेपर फुटला की तुमचा."

त्या हसल्या. "फुटू द्या की, दादा. ज्यानं आठ दिस घोकलं आन् त्याला आलं, त्याचं काय भ्या न्हाई. आठ दिस घोकूनबी ज्याला ईना, त्याला धरायचं."

तरी पुढच्या सोमवारपासून त्यांनी दर आठवड्याला शब्द बदलायला सुरुवात केली. त्या दिवशी मी माघारी फिरलो तसं त्यांनी मागून सांगितलं, "आमचा बा कधी मेंढरं मोजायचा न्हाई. सांजंला वाड्यापाशी नुसता हुबा ऱ्हायचा आन् म्हनायचा, कानतुटकी आली न्हाई. शंभरात एक नसली तरी त्याला कळायचं. म्या तेवडंच करतीया. कोन हाय ते बगत न्हाई, कोन न्हाई ते बगतीया." मला हे बोलणं त्या वेळी फार आखडूपणाचं वाटलं होतं. आता वाटतं, एवढं नेमकं मला माझ्या धंद्याबद्दल एक वाक्य बोलता येत नाही.

दोन वर्षांत त्यांनी गावातली आणि आसपासच्या वाड्यांवरची दहा-बारा माणसं पौडच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देऊन पाठवली. त्यातल्या काहींचं काहीच निघालं नाही. एकाला नुसतं कमी ऐकू येत होतं. एका बाईचं थायरॉइडचं निघालं, औषधानं ती चांगली सुधारली, आणि तिच्या सुनेनं कुंदाताईंना साडी नेसवली. ते मी रस्त्याच्या या बाजूनं पाहिलं. कुणी म्हणालं, "कुंदाताई, तुमी तर डॉक्टरच झाला," की त्या झटकून टाकायच्या. "म्या रोग सांगत न्हाई. म्या नुसतं दार वाजवतीया. उगडायचं डॉक्टरनी." मी मनात म्हणायचो, वाजव, वाजव. सगळ्यांची दारं वाजव.

मग त्यांनी माझं वाजवलं.

दुपारी गिऱ्हाईक नसताना त्या रस्ता ओलांडून आल्या. माझ्या दुकानात त्या पहिल्यांदाच येत होत्या. माझ्या आईला त्या आक्का म्हणायच्या. आवाज खाली करून म्हणाल्या, "दत्तादादा, राग नका मानू. आक्कांनी ह्या महिन्यात बीपीच्या गोळ्या तीनदा मागितल्या. म्या दोनदा परत लावून दिलं. काल मला म्हनल्या, तुजा बा मेंढरं घिऊन खाली आला का. माजा बा जाऊन ईस वर्सं झाली, आक्का त्याच्या तेराव्याला हुत्या. एकदा त्यांना संगं घिऊन या, बसू पाच मिंटं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खरं म्हणजे मला धक्का बसायला हवा होता. आईची काळजी वाटायला हवी होती. पण मनात जे आलं ते असं: माझी आई तीनदा गोळ्या मागायला गेली आणि ते या बाईला कळलं, मला नाही. आता ही माझ्या आईला भर दुकानात खुर्चीवर बसवणार, आईला शब्द आठवणार नाहीत, आणि उद्या एसटीच्या शेडमध्ये बोललं जाणार की दत्ता मेडिकलवाल्याच्या आईचं डोकं गेलंय आणि ते समोरच्या मेडिकलवालीनं ओळखलं. मी म्हटलं, "आणतो सोमवारी. माझी आई ठणठणीत आहे."

त्या सोमवारी नवे शब्द लागले. किसनबापू सकाळीच गोळ्या घेऊन बाहेर पडले, त्यांना मी चहा पाजला आणि शब्द काढून घेतले. विळा, केळ, देऊळ. कुंदाताईंना निरोप धाडला की आईला जरा कणकण आहे, शुक्रवारी आणतो.

आणि मी माझ्या आईची शिकवणी घेतली. चार दुपारी. दुकान बायकोवर टाकून घरी यायचो, आईच्या खाटेपाशी बसायचो आणि घोकून घ्यायचो. पहिल्या दिवशी तिला एक शब्दही टिकेना. विळा म्हणायची आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायची. शहाण्या माणसानं तिथंच ओळखलं असतं. निदान ज्याच्या भिंतीवर फार्मसीचं प्रमाणपत्र लावलंय त्यानं तरी. मी मात्र चिडलो. दुसऱ्या दिवशी मला युक्ती सुचली. आईनं उभी हयात जात्यावर दळण दळलं होतं. ओव्या तिला अजूनही न अडखळता यायच्या. मी ते तीन शब्द तिच्या ओवीच्या चालीत बसवले. विळा घेतला हाती, केळ कापलं, देऊळ गाठलं, असं काहीतरी मोडकंतोडकं. गाण्यात घातल्याबरोबर तिला ते आलं. उलटे वारही तसेच घातले. आई मान डोलवत म्हणायची, हात गोल फिरवायची, हसायची. चौथ्या दिवशी मी उठायला लागलो तर तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "दत्तू, लई दिसांनी बसलास. रोज बस की असा."

मी म्हटलं, "उद्या कुंदाताईंकडं नीट सांग म्हणजे झालं."

शुक्रवारी आई त्या खुर्चीवर बसली. मी शेजारी हाताची घडी घालून उभा. कुंदाताईंनी शब्द सांगितले, वार विचारले, मग थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलल्या, पाऊस, भात, आईचे गुडघे, आणि विचारलं, "आक्का, मगाचं तीन शब्द?" आईनं डोळे मिटले. तिची मान हलायला लागली. मांडीवरचा उजवा हात हळूहळू गोल फिरायला लागला. "विळा," ती म्हणाली. "केळ. देऊळ." आणि डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, शाबासकीसाठी.

कुंदाताई तिच्या हाताकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर दिली नाही. "बेस हाय की, आक्का," त्या म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "दादा, ज्यास्तीचं काय औषध घेतायत का त्या? पिशवी घिऊन या एकदा. आन् फुडच्या म्हयन्यात परत बसू."

"कशाला परत?" मी म्हटलं. "झाली की तुमची परीक्षा. पास झाली माझी आई."

दुसऱ्या दिवसापासून आईच्या गोळ्या मी माझ्या दुकानातून घरी न्यायला लागलो आणि तिला समोर जायचं बंद केलं. गुडघे दुखतात, रस्त्याला गाड्या फार, अशी कारणं. कुंदाताई आठवड्यातून एकदा तरी रस्त्यापलीकडून हाक मारायच्या, "दादा, आक्का कुटं दिसंनात?" "घरात आहे, मजेत आहे," मी सांगायचो. सात महिने सांगत राहिलो. घरात ती मजेत नव्हती. दुधात मीठ घालायची, दाराची कडी उघडता येईना की रडायची, बायकोला आपल्या माहेरच्या कुणाच्या तरी नावानं हाक मारायची. बायको म्हणायची, "दाखवा कुणाला तरी." मी म्हणायचो, वय झालंय.

मग तो शनिवार आला. रस्त्यावर गाड्यांची रांग, माझ्या दुकानात पुणेकरांची झुंबड. मध्येच माझं लक्ष समोर गेलं. कुंदाताईंचं मेडिकल सताड उघडं, पायरीवर दोन-तीन गिऱ्हाइकं उभी, आणि बाई गायब. अर्धा तास झाला, तास झाला. मला काय वाटलं ते लिहितोच: मला मजा वाटली. त्यातल्या दोघांना मी हाक मारून बोलावलं आणि त्यांच्या गोळ्या मी दिल्या. "असा असतो होय धंदा?" असंही म्हणालो.

दुपार कलायला आली तेव्हा पौडकडून आलेली एसटी शेडपाशी थांबली. आधी कुंदाताई उतरल्या. मग त्यांनी वर हात दिला, आणि तो हात धरून माझी आई उतरली. ठेवणीतलं हिरवं लुगडं, काखेत पिशवी, पिशवीत नारळ.

आई भावाच्या लग्नाला निघाली होती. मामाला जाऊन पंधरा वर्षं झाली. बायको पाठीमागच्या दारी भांडी घासत असताना ती पुढच्या दारानं निघाली, माझ्याच दुकानावरून चालत गेली आणि पौडच्या गाडीत चढली. मी उलटीच्या गोळ्या विकत होतो. कुंदाताईंनी रस्त्यापलीकडून ठेवणीतलं लुगडं बघितलं, आज सण नाही वार नाही हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि मला हाक मारण्याइतकाही वेळ नव्हता, गाडी सुटत होती, म्हणून चष्मा काउंटरवर टाकून त्या तशाच धावत त्या गाडीत चढल्या. वाटेत त्यांनी आईला एकदाही अडवलं नाही. नवरी कुठली, मांडव कुणी घातला, सगळं विचारलं. पौडला उतरून दोघींनी चहा घेतला आणि परतीच्या गाडीत बसल्या. आई मला म्हणाली, "तुमी कोन मांडवाकडचं का? ही माजी करवली." आणि कुंदाताईंच्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रस्ता ओलांडला आणि त्या खुर्चीवर बसलो. शिकवणीचं सांगितलं. किसनबापूंचा चहा, चार दुपारी, ओवीची चाल, सगळं. कुंदाताई कात्रीनं स्ट्रिप कापत ऐकत होत्या. माझं संपलं तरी कापत राहिल्या.

"मला ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "आक्कांचा हात फिरत हुता. आमची आयबी दळायची." मग कात्री ठेवली. "म्या तवाच भांडाया पायजे हुतं तुमच्याशी. भांडले न्हाई. वाटलं, ह्यो गावचा मानूस, जमीनदाराचं घर, म्या कोन सांगनार. माजंबी चुकलं. पर दादा, ह्या परीक्षंत पास झालं तर कुनी बक्षीस देत न्हाई. नापास झालं तर मानसं मदतीला येत्यात. तुमी आयला पास केलंत आन् एकटी पाडलीत."

मी रडलो. त्यांनी रडू दिलं, आणि मग लगेच म्हणाल्या, "आता पिशवी आना. समदी औषधं."

पिशवीत ती गोळी निघाली. आईच्या अंगाला खाज सुटायची म्हणून मीच माझ्या दुकानातून दोन वर्षं देत होतो, रोज रात्री एक, झोपही लागते म्हणून. स्वस्त, जुनी, साधी गोळी. कुंदाताईंनी ती वेगळी काढून पाकिटात घातली. पुण्यातल्या मेंदूच्या डॉक्टरांनी ती बघून सुनावलं. म्हाताऱ्या माणसाला ही गोळी डोक्यावर झापड आणते, मुळात आजार असेल तर तो वाढवून दाखवते. आजार तर आहेच, म्हणाले, पण ही कधीच बंद व्हायला हवी होती. "इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही? घरात कुणी या लाइनमधलं नाही का?" बरोबर आलेल्या कुंदाताई म्हणाल्या, "हायेत ना सायेब. म्हनून तर आनलं." तेवढ्यासाठी मी त्यांच्या पाया पडायला हवं होतं. त्याऐवजी मला वाटलं, इथंही हीच मोठी झाली.

गोळी बंद झाल्यावर आई दोन-तीन महिन्यांत बरीच उजेडात आली. मला दत्तू म्हणायला लागली, बायकोला ओळखायला लागली. तो काळ मला सात महिने आधी मिळाला असता. सात महिने जास्त मिळाला असता. हे गणित कुणी मला मांडून दाखवलं नाही, कुंदाताईंनी तर नाहीच. ते मीच करत बसतो.

त्या दिवसांत आई रोज सकाळी समोर जायची आणि दुपारपर्यंत त्या खुर्चीवर बसायची. मीच तिला हात धरून रस्ता ओलांडून द्यायचो. ती रिकामी पाकिटं एकावर एक रचायची, कुंदाताई तिच्याशी बोलत राहायच्या. गिऱ्हाईक आलं की आई सांगायची, "बस. ती तीन शब्द सांगंल, घाबरू नगं." दोघी हसायच्या. मी माझ्या काउंटरवरून ते हसणं ऐकायचो. कळत होतं की हे चांगलं चाललंय, आणि तरी छातीत काहीतरी कुरतडायचं. माझ्या दुकानातही मी एक खुर्ची आणून ठेवली. आई एकदा तिच्यावर बसली, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाली, "चल, मला तिकडं सोड."

गेल्या वैशाखात कुंदाताई रविवारी नेहमीसारख्या पुण्याजवळच्या मारुंजीला मुलाकडे गेल्या आणि तिथंच, दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. मुलाचा फोन आला तेव्हा मी शटर ओढून निघालो. आमच्या गावातली आणि वरच्या वाड्यांवरची कितीतरी म्हातारी माणसं टेम्पोत बसून आली होती. त्या उंच इमारतींच्या मध्ये ती सगळी पटके बांधलेली, डोक्यावर पदर घेतलेली माणसं उभी होती आणि कुणाला कुठल्या लिफ्टनं जायचं ते कळत नव्हतं. किसनबापू हुंदके देत होते.

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती मांडीवर हात आपटून रडली. "माजी लेक गेली," म्हणत रडली. तिला धरून बसलो असताना, त्या क्षणीसुद्धा, माझ्या मनात आलं की मी गेलो तर ही अशी रडेल का. लाज वाटते, पण आलं.

सकाळी ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "कुंदी अजून शटर उगडंना का रं?" मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा रडली, तितकीच, नव्यानं ऐकल्यासारखी. तिसऱ्यांदा मी सांगितलं नाही.

पावसाळ्यात आजारानं परत उचल घेतली आणि आता तिला मी ओळखू येत नाही. गोळ्या घ्यायची नाही. माझा हात तोंडाजवळ गेला की ओठ घट्ट मिटून घ्यायची. बायकोच्या हातून घेईना, भाकरीत लपवून दिली तर थुंकून टाकी. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चुकवू नका. परवाच्या सोमवारी मी गुडघ्यावर बसून तिच्या विनवण्या करत होतो. "मी दत्तू आहे गं. तुझा दत्तू." ती म्हणाली, "दत्तू साळंत गेलाय." आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

मला आणखी काय सुचणार होतं? मी म्हटलं, "कुंदाताईंनी पाठवल्यात गोळ्या."

तिनं मान वळवली. माझ्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत. "तू कुंदीचा मानूस व्हय?"

मी गोळी तळहातावर घेतली आणि म्हणालो, "व्हय, आक्का. त्यांच्याच दुकानात असतोय."

"मग आधी सांगायचंस की," आई म्हणाली. "नीट ऱ्हा तिच्याकडं. तिच्यावानी मानूस न्हाई." आणि तिनं माझ्यासमोर तोंड उघडलं.